समोरून एक महाल, मागून तीस घरे

इंग्लंडमधील बाथ शहरातले रॉयल क्रेसेंट पाहून आलेल्या एका वाचकाने तीन प्रश्न विचारले आहेत. पहिला असा, की घरांच्या या चंद्रकोरीसारख्या वळलेल्या रांगेची दर्शनी बाजू इतकी शिस्तबद्ध असताना मागची बाजू उंचसखल आणि काही ठिकाणी चक्क ओबडधोबड कशी. नंतरच्या दुरुस्त्यांनी ती बिघडली काय? दुसरा, वरच्या मजल्यांच्या खिडक्या लहान का होत जातात आणि या शहरातल्या कित्येक घरांच्या काही खिडक्या दगडाने बुजवलेल्या का दिसतात? तिसरा प्रश्न घरगुती आहे. त्यांच्या मुलाने त्याच शहरात एका जॉर्जियन घराचा एक मजला विकत घेतला असून, मालकीची जागा असतानाही खिडकीची तावदाने बदलायला आणि आतल्या एका लाकडी भिंतीत दार पाडायला त्याला परवानगी का मागावी लागते, हे त्यांना समजत नाही. जुन्या इमारतींचे जतन हा माझा व्यवसाय आहे आणि या काळातल्या घरांशी माझा नित्य संबंध येतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

मागची बाजू बिघडलेली नाही. नंतरची भर तिच्यात पुष्कळ आहे हे खरे, पण ती मुळातच तशी बांधली गेली, आणि हे एकदा ध्यानात घेतले की जॉर्जियन शहरी घराचे निम्मे कोडे सुटते. जॉर्जियन म्हणजे १७१४ ते १८३० या काळात ओळीने गादीवर आलेल्या चार जॉर्ज राजांच्या कारकिर्दीतले. या काळात घराचा दर्शनी भाग आणि प्रत्यक्ष घर या दोन वेगवेगळ्या गोष्टी होत्या. त्या वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या पैशातून आणि वेगवेगळ्या हेतूंनी उभ्या केल्या.

रॉयल क्रेसेंटचे काम धाकट्या जॉन वुडने १७६७ मध्ये सुरू केले आणि ते १७७४-७५ च्या सुमारास पूर्ण झाले. यात तीस घरे आहेत, दर्शनी भागावर ११४ आयोनिक, म्हणजे माथ्यावर गुंडाळीची नक्षी असलेले ग्रीक धर्तीचे स्तंभ आहेत आणि रांगेची लांबी साधारण दीडशे मीटर भरते. वुडने स्वतः तीस घरे बांधली नाहीत. त्याने जमीन मिळवली, समोरचा देखावा कागदावर तंतोतंत आखला, जमिनीचे पट्टे पाडले आणि ते दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने गवंडी, सुतार, गिलावेकाम करणारे कारागीर यांच्यासारख्या लहान कंत्राटदारांना दिले. पट्टा घेणाऱ्याला समोरची भिंत आराखड्याबरहुकूम उभारण्याचे बंधन होते. तिच्यामागे काय बांधायचे, किती खोल्या काढायच्या, जिना कुठे घ्यायचा, हे तो आणि त्याचे गिऱ्हाईक ठरवत. घर उभे राहीपर्यंत जमिनीचे भाडे नाममात्र ठेवायचे आणि मग ते नियमित सुरू करायचे, अशी तेव्हाची सर्वसाधारण रीत होती. कंत्राटदाराजवळ भांडवल बेताचेच असे, त्यामुळे तो घराचा सांगाडा उभा करून, म्हणजे भिंती, छप्पर आणि तुळया एवढेच करून गिऱ्हाईक शोधू लागे, आणि आतली सजावट गिऱ्हाइकाच्या पैशाने पूर्ण होई. गवंड्याने सुताराच्या घराची भिंत चढवायची आणि सुताराने गवंड्याच्या घराची दारे करून द्यायची, असे श्रमांचे उसने व्यवहारही सर्रास चालत.

हा सगळा उद्योग कर्जावर चाले, त्यामुळे बाजार कोसळला की बांधकाम तिथल्या तिथे थांबे. फ्रान्सशी युद्ध सुरू झाल्यावर १७९३ मध्ये बाथमधल्या बँका बुडाल्या तेव्हा शहरातली कितीतरी अर्धी घरे तशीच उघडी पडून राहिली आणि नामांकित वास्तुकारांचेही दिवाळे निघाले. या घरांची शिस्त पाहून ती एखाद्या राजाच्या हुकमाने उभी राहिली असावीत असे वाटते. प्रत्यक्षात ती सट्ट्यातून उभी राहिली आहेत.

अनेक घरे मिळून एक महाल दाखवायचा ही कल्पना बाथमध्ये धाकट्या वुडच्या वडिलांनी, म्हणजे थोरल्या जॉन वुडने, १७२८ पासून क्वीन स्क्वेअरच्या उत्तर बाजूला वापरून दाखवली होती. मधली घरे थोडी पुढे काढायची, त्यांच्यावर त्रिकोणी शिखर चढवायचे, दोन्ही टोके थोडी भारदस्त करायची, की सामान्य उत्पन्नाच्या सद्गृहस्थालाही आपण महालात राहतो असे म्हणता येई. मुलाने शिखर गाळले आणि सगळी मदार स्तंभांच्या अखंड ओळीवर ठेवली. मध्यबिंदू दाखवण्यासाठी त्याने एवढेच केले, की मधल्या घरापाशी स्तंभ जोडीने उभे केले आणि त्यांच्यामध्ये कमानीची खिडकी ठेवली. माझ्या मते या संयमामुळेच ही रांग वडिलांच्या कामापेक्षा सरस ठरते. मुंबईकरांना हॉर्निमन सर्कलचा सलग कमानींचा घेर ठाऊक असेलच. १८६० च्या दशकात तिथेही जमिनीचे तुकडे निरनिराळ्या मालकांना विकून दर्शनी भाग मात्र एकसारखा ठेवला गेला, आणि त्या पद्धतीचे मूळ इंग्लंडमधल्या अशाच वर्तुळाकार वसाहतींमध्ये आहे.

आता मागच्या बाजूकडे वळू. समोरच्या भिंतीला घडीव दगड लावला आहे. त्याचे सांधे इतके बारीक असतात, की त्यांत पोस्टकार्ड सरकवणे कठीण जावे. मागे मात्र बहुतेक ठिकाणी डबर किंवा जाडेभरडे घडवलेले दगड चालवून घेतले आहेत, कारण मागची बाजू पाहणार कोण, तर घोड्यांच्या पागेतले नोकर. एका मालकाला बागेकडे फुगीर खिडकी हवी होती, दुसऱ्याला जादा खोली, तिसऱ्याने मधेच एक मजला वाढवला. पुढचे मजले खिडक्यांच्या ओळीला बांधलेले असल्यामुळे तिथे कोणाला हलता येईना. मागे तसे बंधन नसल्याने शेजारच्या दोन घरांच्या खिडक्या कित्येकदा वेगवेगळ्या पातळ्यांवर येतात. शिवाय रांग आतल्या बाजूस वळलेली असल्यामुळे प्रत्येक घराचा पट्टा समोर अरुंद आणि मागे किंचित रुंद होत जातो. ही तिरकस जागा गवंडी बहुधा भिंतीच्या जाडीत आणि कपाटांच्या खणांत जिरवून टाकत, त्यामुळे दिवाणखान्यात उभ्या असलेल्या माणसाला खोली काटकोनात असल्यासारखीच वाटते. खरा कोन मोजपट्टी लावली की कळतो.

दगडाबद्दल थोडे सांगायला हवे, कारण पुढे वाचकाच्या मुलाला त्याच्याशीच गाठ घालायची आहे. बाथचा दगड हा मधाळ रंगाचा, बारीक गोल कणांचा चुनखडक आहे. शहरालगतच्या कूम डाउन येथील खाणींतून तो निघे, आणि त्या खाणींचा मालक राल्फ ॲलन याने थोरल्या वुडला हाताशी धरून त्याची जाहिरातच केली. खाणीतून काढताना हा दगड ओलसर आणि मऊ असतो, करवतीने कापता येतो, आणि हवेत वाळला की त्याचा पृष्ठभाग कठीण होतो. जमिनीत तो ज्या थराने पडलेला होता त्याच थराने भिंतीत बसवावा लागतो. उभा बसवला तर काही दशकांनी त्याचे पापुद्रे सुटू लागतात. कोळशाच्या धुरातल्या गंधकाने चुनखडकाच्या पृष्ठभागाचे जिप्सम होते आणि त्यात काजळी अडकून काळे कवच तयार होते. पाऊस लागतो तो भाग धुऊन निघतो, आणि कॉर्निसच्या, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरच्या पुढे आलेल्या पट्टीच्या, खालचा आडोशाचा भाग काळाच राहतो. या भिंतींचे सांधे चुन्याचे आहेत. कोणी हौसेने सिमेंट भरले तर भिंतीतली ओल सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, ती दगडातून वाट काढते, आणि सांधा शाबूत राहून दगड झिजतो. चुन्याच्या वाड्यांत वाढलेल्या पुण्या-साताऱ्याच्या माणसाला हे निराळे सांगायला नको.

दुसरा प्रश्न खिडक्यांचा. दर्शनी भागाची आखणी रोमन मंदिराच्या हिशेबाने केलेली असते. तळमजला म्हणजे जोते, पहिला आणि दुसरा मजला म्हणजे स्तंभांची उंची, आणि वर कॉर्निस व कठडा. रॉयल क्रेसेंटमध्ये हे स्तंभ खरोखरच दिसतात. लंडनच्या साध्या विटांच्या घरात ते नसतात, तरी प्रमाण तेच पाळलेले असते. पहिल्या मजल्यावर दिवाणखाने असल्याने तिथली खिडकी सर्वांत उंच, पुष्कळदा रुंदीच्या दुप्पट. तळमजल्यावर प्रवेशदालन आणि भोजनगृह, म्हणून तिथली खिडकी किंचित आखूड. दुसऱ्या मजल्यावर झोपायच्या खोल्या, तिथली आणखी आखूड, आणि त्याहून वर मजला असलाच तर मुलांच्या किंवा नोकरांच्या वाट्याची चौकोनी खिडकी. स्वयंपाकघर आणि धुण्याची जागा तळघरात. घरातल्या माणसांची प्रतिष्ठा अशी खिडक्यांच्या उंचीवरून रस्त्यातून वाचता येते.

बुजवलेल्या खिडक्यांचा सगळा दोष लोक खिडकीपट्टीवर टाकतात. हा कर १६९६ ते १८५१ पर्यंत होता आणि त्यापायी अनेकांनी खिडक्या बुजवल्या हे निर्विवाद. परंतु पुष्कळ आंधळ्या खिडक्या पहिल्या दिवसापासून आंधळ्याच आहेत. मागे धुराडे किंवा सामाईक भिंत आली आणि समोरची सममिती तर राखायची, तेव्हा गवंड्याने खिडकीचा खोलगट आकार तेवढा कोरला आणि प्रकरण मिटवले. फरक ओळखणे अवघड नाही. बुजवणीच्या दगडांचे थर आजूबाजूच्या भिंतीच्या थरांशी जुळून त्यांत गुंतलेले असतील तर ती मूळचीच आंधळी. चौकटीला सरळ सांधा असेल आणि दगड निराळ्या मापाचे असतील तर ती नंतर बुजवलेली.

आता उघड्या खिडकीजवळ जाऊन पाहावे. ती वर-खाली सरकणारी, दोन पल्ल्यांची असते. चौकटीच्या दोन्ही बाजूंना लाकडी पेट्या असतात, त्यांत शिशाची किंवा ओतीव लोखंडाची वजने दोरीने टांगलेली असतात, आणि दोरी वरच्या चाकावरून पल्ल्याला जोडलेली असते. वरच्या पल्ल्याची वजने पल्ल्यापेक्षा किंचित जड ठेवतात, म्हणजे तो आपोआप वर दाबून राहतो. खालच्याची किंचित हलकी, म्हणजे तो खाली टेकून राहतो. अडीचशे वर्षांनी आजही दोरी बदलली आणि रंगाचे थर उतरवले की अशी खिडकी एका बोटाने उचलता येते. काच फुंकून आणि मग वेगाने फिरवून केलेल्या चकतीतून कापलेली असे, त्यामुळे तावदाने लहान निघत आणि त्यांत सूक्ष्म वक्रता राही. काचेवरचा कर वजनावर आकारला जाई, म्हणून ती पातळही असे. तावदानांमधल्या लाकडी पट्ट्या शतकाच्या सुरुवातीला जाड दिसतात आणि शेवटी अगदी सडपातळ होतात. वरच्या पल्ल्याच्या खालच्या कोपऱ्यांना लहान शिंगे दिसली, तर तो पल्ला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा समजावा. मोठ्या जड काचा आल्यावर सांध्यांना बळकटी म्हणून ती आली. रॉयल क्रेसेंटमध्येही व्हिक्टोरियन काळात अनेक मालकांनी पहिल्या मजल्यावरच्या खिडक्यांचे उंबरे खाली उतरवले आणि मोठ्या काचा बसवल्या. क्रमांक १ चे घर १९६७ नंतर बाथ प्रिझर्वेशन ट्रस्टच्या ताब्यात आले, तेव्हा जीर्णोद्धारात त्याचे उंबरे आणि पट्ट्या पूर्ववत करण्यात आल्या. ते आता संग्रहालय असल्याने वाचकांनी पुढच्या खेपेस या घराची खिडकी शेजाऱ्याच्या खिडकीशी ताडून पाहावी.

लंडनमध्ये दगडाऐवजी वीट होती आणि वुडच्या आराखड्याऐवजी कायदा होता. १६६६ च्या आगीची धास्ती एवढी होती, की १७०७ च्या कायद्याने छपराखालचे लाकडी कॉर्निस बंद केले. त्यामुळे विटांची भिंतच छपराच्या वर चढून कठडा झाली आणि छप्पर तिच्यामागे लपले. १७०९ च्या कायद्याने खिडकीची चौकट भिंतीच्या पृष्ठापासून चार इंच आत घ्यायला लावली आणि १७७४ च्या कायद्याने तिच्या पेट्या विटांच्या मागे दडवायला लावल्या. त्याच कायद्याने घरांचे किंमत आणि क्षेत्रफळ यांवरून चार मुख्य दर्जे ठरवून दिले आणि प्रत्येक दर्जाच्या भिंतींची जाडी बांधून दिली. सौंदर्याचा नियम म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो त्यातला बराचसा भाग असा अग्निसुरक्षेचा आहे. लपलेल्या छपरामुळे मध्यावर जी पन्हळ आली, ती पानांनी तुंबली की पाणी थेट घराच्या पोटात उतरते, आणि आजही अशा घरांच्या निम्म्या तक्रारी तिथेच सुरू होतात. १० डाउनिंग स्ट्रीटच्या, म्हणजे ब्रिटिश पंतप्रधानांच्या निवासस्थानाच्या, काळ्या विटा पाहून ती शैली समजणाऱ्यांसाठी जाता जाता सांगतो, की त्या विटा मुळात पिवळ्या आहेत. काजळीने काळ्या झालेल्या भिंती १९६० च्या दशकातल्या दुरुस्तीत साफ झाल्या आणि लोकांच्या सवयीखातर पुन्हा काळ्या रंगवण्यात आल्या.

तिसऱ्या प्रश्नासाठी घराच्या आत जावे लागते. मांडणी साधी असते: प्रत्येक मजल्यावर पुढे एक खोली, मागे एक खोली आणि बाजूला जिना. मुख्य जिना दगडी असला तर त्याच्या पायऱ्या हवेत तरंगल्यासारख्या दिसतात. प्रत्येक पायरीचे एक टोक भिंतीत चार-सहा इंच रुतवलेले असते आणि तिची कड खालच्या पायरीवर टेकलेली असते. वरचा भार पायरीला पिळू पाहतो, भिंत तो पीळ अडवते आणि वजन पायरीपायरीने जमिनीकडे जाते. मधली एक पायरी काढली, किंवा पायऱ्यांची टोके जिथे रुतली आहेत ती भिंत पोखरली, तर वरच्या सगळ्या पायऱ्यांचा आधार जातो.

लाकडी भिंतीचे प्रकरण याहून फसवे आहे. पहिल्या मजल्यावर मोठा दिवाणखाना हवा, दुसऱ्या मजल्यावर मात्र त्याच जागेत दोन-तीन खोल्या हव्यात, म्हणजे वरच्या भिंतीखाली आधाराला भिंतच नाही. त्यावर सुतारांनी काढलेला तोडगा असा, की वरची भिंतच छपरातल्या कैचीसारखी तिरक्या दांडक्यांची बांधायची, म्हणजे ती दोन बाजूंच्या दगडी भिंतींवर टेकून स्वतःचे वजन पेलते आणि कित्येकदा खालची तक्तपोशीही धरून ठेवते. त्यावर पट्ट्या आणि केस मिसळलेला चुन्याचा गिलावा चढला, की ती आणि साधा आडोसा यांत बाहेरून काही फरक दिसत नाही. एका घरात मला दिवाणखान्याच्या छताला मध्यावर पोट आलेले दिसले. वरच्या मजल्यावरचा गिलावा हातभर काढला तेव्हा कळले, की पूर्वी कोणीतरी न्हाणीघराचे दार पाडण्यासाठी कैचीचा तिरका दांडका सरळ कापून टाकला होता. तो जोडायला लोखंडी पट्ट्या, खालून टेकू आणि बराच खर्च लागला. मुलाला पाडायचे आहे ते दार अशाच भिंतीत नाही ना, हे परवानगीचा अर्ज तपासणारा अधिकारी सर्वांत आधी विचारील, आणि त्याचे विचारणे योग्यच आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. जुन्या महत्त्वाच्या इमारतींच्या सरकारी संरक्षित यादीतल्या इमारतीचे संरक्षण तिच्या दर्शनी भागापुरते नसते. मागची भिंत, जिना, दारे, झडपा, गिलाव्याची नक्षी हे सगळे त्यात येते, मग यादीतला तिचा दर्जा कोणताही असो. इमारतीचे वैशिष्ट्य बदलेल असे काम स्थानिक परिषदेच्या संमतीवाचून करणे हा फौजदारी गुन्हा आहे, आणि मागच्या मालकाने केलेले बेकायदा काम पूर्ववत करण्याची नोटीस आजच्या मालकालाही येऊ शकते. म्हणून खरेदीच्या वेळची कागदपत्रे पुन्हा एकदा वकिलाकडून तपासून घ्यावीत. अधिकारी प्रत्येक गोष्टीला नकारच देतात असेही नाही. रॉयल क्रेसेंटमध्येच १९७० च्या दशकात एका बाईंनी आपले दार पिवळे रंगवले, पांढऱ्या दारांच्या ओळीत ते शोभत नाही म्हणून नगरपालिकेने नोटीस काढली, प्रकरण मंत्र्यांपर्यंत गेले आणि दार पिवळे राहिले.

तावदानांबद्दल माझा सल्ला असा आहे. जुन्या पट्ट्यांत दुहेरी काच मावत नाही आणि मावली तरी तिच्या वजनाने वर सांगितलेला तोल बिघडतो, त्यामुळे त्या अर्जात वेळ घालवू नये. खोलीच्या आतल्या बाजूने, मूळ चौकटीला धक्का न लावता, सुटी करता येणारी दुसरी काच बसवण्याचा प्रस्ताव द्यावा. त्याला संमती मिळण्याची शक्यता बरीच जास्त असते. मात्र घडीच्या लाकडी झडपा खिडकीच्या बगलेत शाबूत असतील, तर त्या मिटण्यापुरती जागा राहील अशा बेताने ती बसवावी. पुष्कळ घरांत या झडपा रंगाच्या थरांखाली चिकटून बसलेल्या असतात आणि तिथे नुसते फळकूट आहे असा मालकाचा समज असतो. त्या मोकळ्या केल्या, पल्ल्यांच्या कडांना वारा अडवणारी पट्टी लावली आणि दोऱ्या बदलल्या, तर थंडीचा बराचसा प्रश्न काचेपर्यंत न जाताच सुटतो. रंग खरवडण्यापूर्वी त्यात शिसे आहे का याची तपासणी करून घ्यावी, कारण जुन्या थरांत ते बहुधा असतेच. दाराच्या बाबतीत आधी जुन्या इमारतींची माहिती असलेल्या स्थापत्य अभियंत्याकडून त्या भिंतीलगतची जमिनीची एक फळी उचलून आत पाहून घ्यावे. एवढी छोटी तपासणी करण्यापूर्वीही परिषदेच्या जतन अधिकाऱ्याला लेखी कळवलेले बरे. भिंत कैचीची निघाली तर दोन तिरक्या दांडक्यांच्या मध्ये सुताराने मुळातच ठेवलेली दाराची जागा आहे का ते शोधावे. ती पुष्कळदा असते, नंतर कोणीतरी बुजवलेली.